गॅसवाल्या साहेबांचे शून्य

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास गोंधळून जाई. ते दार उघडत, आत घेत, खुर्ची पुढे करत, पाण्याचा पेला हातात देत आणि मग समोर बसून गप्प राहत. हात मांडीवर, नजर पंख्याकडे. रागावलेले नसत की कंटाळलेले नसत. लखनौसारख्या शहरात पहिला काही वेळ तब्येत, घरचे आणि हवापाणी विचारण्यातच जातो. तिथे हे वागणे उद्धटपणाचे ठरे. पाहुणा चुळबुळ करू लागे, घड्याळ पाही, आणि मग ते एकदम बोलू लागत. बोलू लागले की मात्र मन लावून बोलत. मी एकदा त्यांना याचे कारण विचारले. म्हणाले, "रस्त्यावरून आलेला माणूस आधी रस्ताच बोलतो. ऊन, गर्दी, रिक्षावाल्याशी झालेलं भांडण. त्याला थोडं बसू द्यावं. मग तो स्वतः बोलतो."

ही सवय त्यांना प्रयोगशाळेने लावली होती. ते मूळचे वर्ध्याचे. लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि हवेतला गॅस ओळखणारी साधने तयार करत. २००० नंतरच्या दशकात मी एका वृत्तसंस्थेच्या कामावर लखनौला होतो आणि विकास नगरात त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी त्यांना काका म्हणे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, 'पत्रकार' म्हणत. बाकी सगळा सेक्टर त्यांना 'गैसवाले साहब' म्हणे.

या नावामागे एक गैरसमज होता. सुरुवातीला कोणीतरी त्यांना कामाबद्दल विचारले आणि त्यांनी सरळ सांगितले की मी गॅसवर काम करतो. झाले. सेक्टरमध्ये ज्यांचा सिलिंडर अडला ते त्यांच्या दारात येऊ लागले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई एका सकाळी आल्या, ते मी जिन्यावरून ऐकले.

"भाईसाहब, हमारा सिलिंडर कब से नहीं आया. ज़रा बोल दीजिए."

"माताजी, मेरी गैस दूसरी है."

"दूसरी है तो क्या हुआ, जान-पहचान तो होगी!"

ते कपडे बदलून एजन्सीत गेले, रांगेत उभे राहिले आणि संध्याकाळी सिलिंडर आला. त्यानंतर नाव पक्के झाले. काकू एका सरकारी बँकेत नोकरीला होत्या आणि त्यांच्या जिभेला धार होती. "इतकं शिकून शेवटी सिलिंडरच आणायचा होता," त्या म्हणाल्या, "तर मी माहेरी सांगितलं असतं, नवरा एजन्सीत आहे म्हणून. जास्त मान मिळाला असता." ते हसले. समोरच्या बाईंच्या सिलिंडरची चौकशी त्यांनी पुढेही सोडली नाही.

त्यांची प्रयोगशाळा मी एका बातमीसाठी पाहिली. टेबलावर काचेची एक बंद पेटी होती. तिच्यात अंगठ्याच्या नखाएवढी चकती आणि चकतीवर काळपट हिरवा लेप. त्या लेपात दोन गोष्टी होत्या. एक, वीज वाहून नेणारा पॉलिमर. दुसरी, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ज्या नुसत्या डोळ्यांना काजळीसारख्या दिसतात. पत्रकाराला समजेल असे सांगा म्हटल्यावर ते म्हणाले, "पॉलिमर म्हणजे अमीनाबादच्या बाजारातली गर्दी समज. नळ्या म्हणजे त्या गर्दीतून काढलेल्या गल्ल्या. वीज गल्लीतून जाते. अमोनिया आला की तो हातगाडी आडवी लावून उभा राहतो. वीज अडते. किती अडली ते मोजायचं, म्हणजे किती हातगाड्या आल्या ते कळतं."

"आणि अमोनिया निघून गेला की?"

"हातगाडीवाला कधी एकदम जातो का रे? रेंगाळतो. आमचं अर्धं आयुष्य त्याला हाकलण्यात चाललंय."

प्रत्येक चाचणीआधी त्या लेपावरून ते स्वच्छ हवा सोडत आणि पडद्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबत. या स्थिर आकड्याला ते बेसलाइन म्हणत. तोच शून्य धरायचा आणि पुढचे सगळे त्यावरून मोजायचे. थांबण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे सूट नव्हती. शाहीन नावाची लखनौचीच मुलगी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. तिची आणि त्यांची रोजची जुगलबंदी मी त्या दिवशी ऐकली.

"सर, अब हो गया?"

"अभी नहीं."

"सर, लाइन बिल्कुल सीधी है."

"सीधी दिख रही है. बैठी नहीं है."

"सर, तब तक मेरी शादी हो जाएगी."

"अच्छा है. कार्ड भिजवा देना. पहले हवा, फिर गैस."

'पहले हवा, फिर गैस' हे त्यांचे पालुपद होते. घरी मुलगी गौरी सरावाच्या पेपरची उत्तरे भराभर लिहायला बसली की तेच, गवळ्याशी काकूंचे भांडण सुरू होत असेल तर तेच. गौरीला मराठी सगळे कळे, पण उत्तर ती हिंदीत देई. "पापा, आप फिर शुरू हो गए." त्यावर त्यांचे म्हणणे एवढेच असे की मी अजून सुरूच झालो नाही.

अमोनियाच का, याला कारण होते. लखनौच्या आसपास बटाट्याची शीतगृहे आहेत. तिथले लोक त्यांना नुसते 'कोल्ड' म्हणतात. या कोल्डमधला थंडावा अमोनियावर चालतो. नळ्यांमधून, झडपांमधून तो गळला तर डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजतात, आणि बंद जागेत जास्त गळला तर माणूस मरतो. अमोनियाला उग्र वास असतो, म्हणजे तो लगेच कळायला हवा. पण त्याच वासात रोज काम करणाऱ्याचे नाक सरावते. काकांनी हे एका कोल्डमध्ये पाहिले होते. बाहेरून आलेल्या त्यांना वास आला आणि आतला माणूस म्हणाला की कसला वास? तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होते की जे नाक कधी सरावणार नाही असे नाक भिंतीवर लावायचे.

मी लखनौला गेलो तोवर ते नाक तयार झाले होते. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यात तो हिरवा लेप, पुढे आकडे दाखवणारा छोटा पडदा आणि आकडा वाढला की वाजणारा भोंगा. तीन ठिकाणी चाचणीसाठी पेट्या लावल्या होत्या. त्यांतले पहिले कोल्ड मलिहाबादच्या रस्त्यावर होते. मालक मिश्राजी, आणि कॉम्प्रेसर सांभाळणारा इद्रीस. काका दर आठवड्याला तिथे जात.

पहिल्या पावसाळ्यात पेटीने सगळ्यांना हैराण केले. लेप जुना होत जातो, दमट हवा शोषून घेतो, आणि गॅस नसतानाही त्याचा आकडा हळूहळू वर चढतो. भोंगा कारण नसताना वाजू लागला. इद्रीसने पेटीवर बटाट्याची रिकामी बोरी टाकली.

"साहब, आपका डिब्बा रोता बहुत है," तो म्हणाला. "इसे कोई तकलीफ़ है."

काकांनी आणि शाहीनने त्यावर उपाय काढला. पेटीने रोज पहाटे, काम सुरू होण्याआधी, खोलीत जी हवा असेल ती स्वच्छ धरायची आणि आपला आकडा शून्यावर आणायचा. दिवसभर त्या शून्यापासून मोजायचे. रात्रभरात लेपाचा आकडा जेवढा सरकला असेल तेवढा रोज पुसला जाणार. उपाय लागू पडला. पेटी रडायची थांबली, बोरी निघाली. मिश्राजी खूश, संस्थेचे संचालक खूश. एका कंपनीने हे तंत्रज्ञान घ्यायची तयारी दाखवली. हस्तांतराच्या समारंभाची तारीख ठरली, पत्रिका छापून आल्या. त्यानंतर त्या पेट्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोल्डमध्ये लागणार होत्या आणि तिथे काम करणारी माणसे त्यांच्या भरवशावर राहणार होती. काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. प्रयोगशाळेबाहेर पडणारी त्यांची ही पहिलीच वस्तू होती, आणि वय पाहता शेवटचीही.

समारंभाच्या आधीच्या रविवारी आम्ही दशहरी आंबे घ्यायला मलिहाबादला निघालो. काका, काकू, गौरी आणि मी. जून महिना, उन्हाची धाप लागत होती. गाडीत बसतानाच काकूंनी विचारले, "आंबे घ्यायला निघालोत की डबा पाहायला, ते आत्ताच सांगा."

"डबा रस्त्यातच आहे."

"तुमचं सगळं रस्त्यातच असतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा लायब्ररी रस्त्यातच होती."

"बाप्पा, ते तू अजून धरून राहिली आहेस?"

कोल्डवर थांबलो. काका आत गेले. मी त्यांच्या मागे होतो, आणि काकू हात धुवायला पाणी मिळेल म्हणून माझ्या मागे. यंत्रखोलीच्या बाहेरच्या बोळात पेटी होती. बोळाच्या एका टोकाला पाच-सहा बाया बटाटे निवडत बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंडे झाकली होती. काका पेटीसमोर उभे राहिले. पडद्यावर शून्य होते. त्यांनी समाधानाने मान हलवली.

काकू बोळाच्या तोंडाशीच थबकल्या. "अहो, इथं काय सांडलंय?"

"काही नाही सांडलं."

"मग डोळे का चुरचुरतात माझे? केवढा वास आहे हा!"

मलाही तो आला होता. तीव्र, घशात टोचणारा. मी काकांकडे पाहिले. प्रयोगशाळेत रोज अमोनिया हाताळून त्यांचेही नाक सरावले असावे; त्यांनी पडद्याकडे बोट केले. "शून्य आहे."

"शून्य तुमच्या डब्यात असेल. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन राहिलंय."

काकांनी इद्रीसला हाक मारली. तो खोकतच आला. काकांनी विचारले, वास येतो आहे का. इद्रीसने हवा ओढून पाहिली आणि खरोखरच विचारात पडला. "कैसी बू साहब? यह तो कोल्ड की हवा है. हमेशा यही रहती है."

"खाँसी कब से है?"

"होगा महीना भर. ठंड-गरम में आना-जाना रहता है न."

काका पेटीकडे वळले. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटी भिंतीवरून उतरवली आणि ती तशीच चालू ठेवून बाहेर आणली. रस्त्यापलीकडे आंब्याची बाग होती. तिथे सावलीत ती जमिनीवर ठेवून ते शेजारी उकिडवे बसले. मी उभा होतो. स्वच्छ हवा लागल्यावर आकडा हलू लागला. शून्यावरून खाली. आणखी खाली. गौरी गाडीतून उतरून आली, वाकून पाहिले.

"पापा, यह माइनस क्यों दिखा रहा है? माइनस गैस भी होती है क्या?"

 आकडा खाली जात राहिला आणि काका बघत राहिले. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कोल्डमध्ये एक झडप काही आठवड्यांपासून गळत होती, रोज किंचित जास्त. पेटी रोज पहाटे त्या हवेला स्वच्छ मानून शून्य लावत होती. काल जे चढले ते आज पुसले जात होते. एकदम मोठी गळती झाली असती तर तिने बोंब मारली असती. हळूहळू वाढणारी गळती तिला कधीच दिसली नसती.

ते उठले आणि झपाट्याने कामाला लागले. कॉम्प्रेसर बंद करवला, दोन्ही दारे सताड उघडवली, बायांना बागेत नेऊन बसवले. मिश्राजी धावत आले. थंडी जाईल, माल सडेल, असे ते म्हणाले. काका म्हणाले, "आलू बाद में. पहले आदमी." इतक्या मोठ्या आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हते. दुपारी मिस्त्री आला, झडपेचे झिजलेले पॅकिंग बदलले. पेटी तूर्त परत भिंतीवर लागली. इद्रीसला डॉक्टरकडे पाठवले. कोणी दगावले नाही. बातमीही झाली नाही.

परतताना गाडीत आंब्यांचा वास होता. काकूंनी या वेळी टोमणा मारला नाही. विकास नगर जवळ आल्यावर काका म्हणाले, "न सरावणारं नाक बनवायला निघालो होतो. मी डब्यात आणखी एक इद्रीस भरला. तो निदान खोकत तरी होता."

पुढे काय झाले ते त्यांनी मला सांगितले नाही. शाहीनने सांगितले. ती त्यांच्याबरोबर संचालकांच्या खोलीत होती.

संचालकांनी सगळे ऐकून घेतले आणि लखनवी नरमाईने म्हणाले, "डॉक्टर साहब, फीता कट जाने दीजिए. कमी तो हर चीज़ में होती है. बाद में इत्मीनान से ठीक कर लीजिएगा."

काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते काचेची मोठी झाकणवाली बरणी घेऊन गेले. बरणीत पेटी होती आणि अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. पेटीचा आकडा चढला, भोंगा वाजला. काकांनी वायरने बरणीबाहेर काढलेले, पहाटेसारखे शून्य लावणारे बटण दाबले. भोंगा थांबला, पडद्यावर शून्य आले. त्यांनी बरणी संचालकांच्या टेबलावर ठेवली.

"सर, ज़रा तकलीफ़ कीजिए. ढक्कन हटाकर देख लीजिए."

संचालकांनी झाकण उचलले आणि खुर्चीसकट मागे सरकले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "यह क्या है?"

"डिब्बे के हिसाब से साफ़ हवा."

शिपायाने पाणी आणले. संचालकांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. "कार्ड छप चुके हैं," ते म्हणाले.

"मना करने के कार्ड भी छप जाएँगे, सर."

समारंभ रद्द झाला. कंपनीचा उत्साह मावळला आणि ती पुन्हा आली नाही. संचालक बरेच दिवस त्यांच्याशी मोजके बोलत. शाहीन मात्र त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत रडली. पहाटेच्या शून्याची आज्ञावली तिने लिहिली होती. काका तिला म्हणाले, कल्पना माझी होती, तू फक्त ती नीट लिहिलीस, आणि लिहिण्यात चूक नव्हती. तिच्या प्रबंधात त्यांनी एक प्रकरण वाढवायला लावले. पेटी कशी फसली, याचे. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले, असे ती सांगते. आज ती एका महाविद्यालयात शिकवते.

निवृत्तीपर्यंतचे वर्ष त्यांनी दुरुस्तीत घालवले. एका पेटीत दोन लेप, एक उघडा आणि एक बंद कुपीत. उघड्याची तुलना बंदाशी. पण कुपीतला लेप निराळ्या गतीने म्हातारा होई. लखनौचा उन्हाळा एकाला चढवी, दुसऱ्याला नाही. आकडे जुळत आणि पुन्हा फाटत. शेवटी त्यांनी हे काम पूर्ण झालेले नाही असे स्पष्ट लिहून संस्थेला दिले. मला हे त्यांचे मोठेपण वाटते, असे मी एकदा बोलून दाखवले. त्यांना ते आवडले नाही. "मोठेपण कसलं? पेटी चालत नाही, हे लिहिलं. चालली असती तर चालते म्हणून लिहिलं असतं."

त्याआधी, समारंभ रद्द होताच, तिन्ही कोल्डमध्ये जाऊन त्यांनी पेट्या स्वतः उतरवल्या होत्या. मलिहाबाद रस्त्यावर मी त्यांच्याबरोबर होतो. मिश्राजी फाटकात आडवे उभे राहिले.

"डिब्बा ले जा रहे हैं, ठीक. बदले में क्या दे रहे हैं?"

"एक आदमी."

"तनख़्वाह कौन देगा उसकी?"

"तनख़्वाह नहीं लगेगी. आपके यहाँ रोज़ कोई न कोई बाहर से आता है. ट्रकवाला, दूधवाला, किसान. जो भी आए, उसे पहले यंत्रखोलीच्या..." ते मराठीत घसरले, थांबले, पुन्हा हिंदीत आले. "मशीन-रूम के दरवाज़े तक ले जाइए. सूँघे और बताए. हाँ कहे तो दरवाज़े खोलिए, मशीन बंद, मिस्त्री बुलाइए. अंदर के आदमी से मत पूछिए. न इद्रीस से, न ख़ुद से."

"चाय-पानी के बाद ले जाएँ?"

"नहीं. बैठने मत दीजिए. बैठ गया तो यहीं का हो गया."

मिश्राजी हसले. "साहब, आप इतने बड़े साइंटिस्ट, और नुस्ख़ा यह?" पण इद्रीस हसला नाही. तो म्हणाला की हे मी बघतो.

काकूंना हे कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढी नळ्यांची, पॉलिमरची माया केली आणि शेवटी दूधवाला ठेवला नाकाला." काका म्हणाले, "हाव, खरं आहे. पण दूधवाल्याचं नाक रोज नवं असतं." त्यानंतर घरीही त्यांची जुनी सवय बदलली. पाहुण्याला बसवून गप्प राहणे संपले. दार उघडले की उंबऱ्यातच ते विचारत, "घरात कसला वास येतो का हो?" काकू आतून ओरडत, "अहो, पाहुण्याला असं विचारतात का?" एकदा बँकेतले मॅनेजर सपत्नीक आले होते. ते म्हणाले, हींग की ख़ुशबू है, भाभीजी. काका त्यावर खूश झाले आणि काकू आठवडाभर नाराज राहिल्या.

निवृत्तीनंतर दोघे वर्ध्याला परतले. गौरी लखनौलाच नोकरीला राहिली. माझीही बदली झाली. अधूनमधून फोन होई. वर्ध्याला त्यांना कोणी गॅसवाले साहेब म्हणत नसे, आणि त्याची त्यांना थोडी चुटपुट लागे. समोरच्या बाईंना सिलिंडर वेळेवर मिळतो का, हे ते मला विचारत. मी तिथे राहत नाही हे त्यांना माहीत असूनही. काही वर्षांनी गौरीचा संदेश आला. "पापा नहीं रहे. नींद में गए." मी फोन केला तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. तुटक, हिंदी वळणाचे, पण मराठीत. काकू शेजारीच बसलेल्या असाव्यात.

त्यानंतर बटाट्याच्या भावांवरच्या एका वृत्तासाठी मला लखनौला जावे लागले आणि मी मलिहाबादच्या रस्त्यावरच्या त्या कोल्डवर गेलो. मिश्राजी आता येत नव्हते, मुलगा कारभार पाहत होता. गाडीतून उतरलो तर फाटकावरच्या अनोळखी चौकीदाराने हात आडवा केला.

"कहाँ से आ रहे हैं?"

मी ओळखपत्र काढू लागलो. त्याला ते नको होते.

"बाहर से ही आ रहे हैं न? पहले अंदर चलिए. चाय बाद में."

त्याने मला बोळातून यंत्रखोलीच्या दारापर्यंत नेले. भिंतीवर पेटीच्या स्क्रूंची भोके चुन्याने बुजवलेली होती. दारात इद्रीस उभा होता, दाढी पांढरी झालेली. त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "कुछ लग रहा है?"

मी श्वास घेतला. माती, गोणपाट, ओल. "नहीं."

"ठीक से लीजिए."

पुन्हा घेतला. "कुछ नहीं."

मग त्याने माझ्याकडे पाहिले. "आप तो साहब के साथ आते थे. साहब कैसे हैं?"

मी सांगितले. इद्रीसने डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, काही पुटपुटला आणि पुन्हा घातली.  कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. त्याला पुढे काही विचारायचे होते असे वाटले, पण तेवढ्यात फाटकाशी ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरून चौकीदाराच्या बाकावर बसायच्या बेतात होता.

"अरे ड्राइवर साहब, बैठिए मत!" इद्रीस ओरडला. "पहले इधर आइए."

"मैं क्या मिस्त्री हूँ?"

"मिस्त्री नहीं चाहिए. आप आइए तो."

ड्रायव्हर कुरकुरत आला, दारात डोके घातले, जोरात हवा ओढली.

"आलू," तो म्हणाला.

इद्रीसने मान हलवली आणि तो कॉम्प्रेसरकडे परतला.